पाळणे कधी थांबवावेत? साथीचे रोग आणि मनोरंजन उद्यानांचा शंभर वर्षांचा इतिहास

१/२२
१२ एप्रिल १९५५. जोनास साल्क यांची पोलिओवरील लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याची घोषणा अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात झाली. अनेक गावांत चर्चच्या घंटा वाजल्या. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, १७ जुलैला, कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नेलँडचे प्रवेशद्वार उघडले. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध नाही. मात्र एका पिढीच्या आईवडिलांनी दोन्ही बातम्या एकाच वर्षी वाचल्या. त्याआधी कित्येक उन्हाळे ‘मुलांना गर्दीत न्यावे की नाही’ हा प्रश्न त्यांच्या घरात रोजचाच होता.

२/२२
पुढे २०२० मध्ये हाच प्रश्न जगभर विचारला गेला. साथ चालू असताना थीम पार्कला जाणे सुरक्षित आहे का? जबाबदारीचे आहे का? बोलताना हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात, पण ते वेगळे आहेत. पहिल्या प्रश्नात जाणाऱ्याला काय होईल याची चिंता असते. दुसऱ्यात जे गेलेच नाहीत, त्यांना काय होईल याची. गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचदा दिलासा देणारे मिळते आणि दुसऱ्याचे उत्तर शोधायला कोणी फारसे थांबलेले दिसत नाही. या धाग्यात त्या दुसऱ्या प्रश्नाचा मागोवा आहे.

३/२२
प्रारंभ न्यूयॉर्कपासून. ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला समुद्रकिनारी कोनी आयलंड आहे. १८९७ मध्ये तेथे ‘स्टीपलचेस पार्क’ सुरू झाले, १९०३ मध्ये ‘लूना पार्क’ आणि १९०४ मध्ये ‘ड्रीमलँड’. विजेच्या हजारो दिव्यांनी उजळणारे हे किनाऱ्यावरील नगर आधुनिक मनोरंजन उद्यानांचे पूर्वज मानले जाते. कारखान्यात राबणाऱ्या माणसाला थोड्या पैशांत एक दिवस वेगळ्या जगात जाता येई. गर्दी हा त्या जागेचा दोष मानला जात नसे. गर्दीसाठीच तर लोक तेथे येत.

४/२२
१९१६ च्या जूनमध्ये त्याच ब्रुकलिनमध्ये पोलिओची मोठी साथ सुरू झाली. त्या वर्षी अमेरिकेत २७,००० हून अधिक रुग्ण आणि ६,००० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी २,००० हून अधिक मृत्यू एकट्या न्यूयॉर्क शहरातील होते. बळींमध्ये लहान मुलेच बहुसंख्य होती. रोग कसा पसरतो हे त्या वेळी नीट ठाऊक नव्हते. पोलिओचा संसर्ग झालेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही आणि तरीही त्यांच्याकडून विषाणू पसरू शकतो, ही गोष्ट सर्वमान्य व्हायला पुढे बराच काळ जावा लागला.

५/२२
शहराने काय केले? १६ वर्षांखालील मुलांना चित्रपटगृहांत बंदी झाली. मुलांना शहराबाहेर न्यायचे, तर आरोग्याचा दाखला लागे. आसपासच्या गावांनी वेशीवर पहारे बसवून न्यूयॉर्कहून येणारी कुटुंबे परत पाठवली. ज्यांच्याकडे पैसा होता, ते वेळीच निघून गेले. चाळींत राहणारे स्थलांतरित, विशेषतः इटालियन कुटुंबे, मागे राहिली आणि साथीचा ठपकाही त्यांच्याच माथी आला. साथीच्या इतिहासात हा क्रम पुनःपुन्हा दिसतो: हिंडण्याफिरण्याची मुभा एका वर्गाकडे आणि दोषारोप दुसऱ्या वर्गाकडे.

६/२२
दोन वर्षांनी इन्फ्लुएंझा आला. १९१८ ची सर्वांत घातक लाट शरद ऋतूत उसळली, तोवर कोनी आयलंडचा उन्हाळी हंगाम आटोपत आला होता. तेथील पाळण्यांची खरी कसोटी ऋतुचक्रामुळे टळली. फिलाडेल्फियाच्या नशिबी ते भाग्य नव्हते. २८ सप्टेंबर १९१८ रोजी युद्धकर्जासाठी काढलेली ‘लिबर्टी लोन’ मिरवणूक पाहण्यास सुमारे २ लाख लोक जमले. शहरातील नौदल गोदीत रोग आधीच पोहोचला होता. काही डॉक्टरांनी मिरवणूक रद्द करण्याचा आग्रह धरला. आरोग्यप्रमुख विल्मर क्रूसन यांनी ती होऊ दिली.

७/२२
पुढच्या दोनतीन दिवसांतच रुग्णालये भरू लागली. ३ ऑक्टोबरला शाळा, चर्च आणि नाट्यगृहे बंद करण्याचा आदेश निघाला. पण साथ हाताबाहेर गेली होती. सुमारे सहा आठवड्यांत १२,००० हून अधिक माणसे दगावली. सारे मृत्यू मिरवणुकीच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे ठरेल, कारण विषाणू आधीच शहरात होता. मात्र ती मिरवणूक उघड्या रस्त्यावर, मोकळ्या हवेत झाली होती. ‘मोकळी जागा आहे, मग काय हरकत’ या युक्तिवादाची मर्यादा तेथे दिसून आली. मिरवणूक मोकळ्यावर असली, तरी लोक तेथवर ट्रामने आले आणि रात्री आपल्या दाटीवाटीच्या घरांत परतले.

८/२२
विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत उन्हाळा म्हणजे पोलिओचा हंगाम, असे समीकरणच झाले. साथ आली की पोहण्याचे तलाव, चित्रपटगृहे, जत्रा बंद होत. १९४६ मध्ये मिनेसोटा राज्याची प्रसिद्ध वार्षिक जत्रा पोलिओमुळे रद्द झाली. १९५२ मध्ये देशात जवळपास ५८,००० रुग्ण आणि ३,००० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्यामुळेच १९५५ मधील लसीच्या घोषणेचे मोल कळते. त्यातही ठेच लागलीच. बर्कलेच्या ‘कटर’ प्रयोगशाळेच्या काही लसींत जिवंत विषाणू राहिल्याने मुले आजारी पडली, काही दगावली आणि मे महिन्यात लसीकरण काही काळ थांबवावे लागले. डिस्नेलँड उघडले तो उन्हाळा असा आशा आणि धास्ती यांच्यामध्ये अडकलेला होता.

९/२२
आता एकदम डिसेंबर २०१४. पोलिओ अमेरिकेतून हद्दपार झाला होता. देशांतर्गत सततचा प्रसार थांबल्याने गोवर २००० मध्येच निर्मूलित घोषित झाला होता. त्याच गोवराचा उद्रेक डिस्नेलँडमध्ये झाला. १७ ते २० डिसेंबर या नाताळच्या गर्दीच्या दिवसांत तेथे गेलेले लोक आजारी पडू लागले. उद्रेक संपला, तेव्हा अमेरिकेतील ७ राज्यांत १४७ रुग्ण नोंदले गेले होते आणि साखळी मेक्सिको व कॅनडापर्यंत पोहोचली होती. पहिला रुग्ण कोण, हे अखेरपर्यंत सापडले नाही.

१०/२२
सुरुवातीच्या तपासात कॅलिफोर्नियातील ११० रुग्णांची माहिती गोळा झाली. त्यांपैकी ३९ जण त्या चार दिवसांत डिस्नेच्या उद्यानांत गेले होते. ३४ जणांना आजार दुसऱ्या रुग्णाकडून, बहुतांशी घरातल्या किंवा निकटच्या माणसाकडून मिळाला होता. उरलेल्यांचा स्रोत उलगडला नाही. ११० पैकी ४९ जणांनी लस घेतलेली नव्हती आणि या ४९ मध्ये १२ तान्ही बाळे होती. लस टोचण्याइतके त्यांचे वयही झालेले नव्हते. सहलीला जाण्याचा निर्णय या बाळांनी घेतला नव्हता. लस नाकारण्याचाही नव्हता.

११/२२
गोवराचा विषाणू रुग्ण निघून गेल्यावरही बंद जागेतील हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. थीम पार्क म्हणताच डोळ्यांसमोर मोकळे रस्ते येतात. पण तेथील दिवस रांगा, बंदिस्त खेळ, उपाहारगृहे आणि हॉटेलांतही जातो. या उद्रेकानंतर ३० जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियात नवा कायदा झाला. वैयक्तिक श्रद्धेच्या आधारे शाळकरी मुलांच्या लसीकरणातून मिळणारी सूट त्याने रद्द केली. उद्यान बंद पडले नाही. उद्यानात येणारा समाज अधिक सुरक्षित करण्याचा तो मार्ग होता.

१२/२२
इतिहासाच्या अभ्यासकासाठी या प्रकरणात आणखी एक धडा आहे. हा उद्रेक शोधता आला, कारण २०१४ च्या अमेरिकेत गोवर दुर्मीळ होता. एकेक रुग्ण वेगळा उठून दिसत होता, त्याची चौकशी करता येत होती. रोग सर्वत्र पसरलेला असता, तर ‘हा संसर्ग उद्यानातला’ असे कोणी ठामपणे सांगू शकले नसते. साथ जितकी मोठी, तितका एखाद्या ठिकाणाचा माग धूसर. ही गोष्ट लक्षात ठेवून २०२० कडे वळावे लागते.

१३/२२
२०२० मध्ये डिस्नेची उद्याने पूर्वेकडून पश्चिमेकडे बंद होत गेली. शांघाय २५ जानेवारीला, हाँगकाँग २६ जानेवारीला, टोकियो २९ फेब्रुवारीपासून, ॲनाहाइम १४ मार्चपासून आणि पाठोपाठ फ्लोरिडा. उघडण्याचा मानही शांघायला मिळाला: ११ मे. क्षमतेच्या एक तृतीयांशाहून कमी प्रवेश, आगाऊ आरक्षण, मास्कची सक्ती, ताप तपासणी, आरोग्यस्थिती दाखवणारा मोबाइल कोड आणि रांगेत अंतराच्या खुणा. त्या वेळी शांघायमध्ये नवे स्थानिक रुग्ण अगदी नगण्य होते. उद्यानाच्या नियमांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, महत्त्व या परिस्थितीला होते.

१४/२२
जपानमध्ये उद्यानांच्या संघटनांनी नियमावली केली आणि रोलर कोस्टरवर ओरडणे टाळावे, अशी विनंती केली. कारण साधे होते: मोठ्याने ओरडताना तोंडावाटे अधिक तुषार आणि सूक्ष्मकण बाहेर पडतात. फुजी पर्वताजवळच्या ‘फुजी-क्यू हायलँड’ने एक चित्रफीत प्रसारित केली. तिच्यात दोन अधिकारी मास्क लावून, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता अतिवेगवान कोस्टरवर बसलेले दिसतात आणि शेवटी प्रेक्षकांना मनातल्या मनात किंचाळण्याची विनंती केली जाते. जग त्यावर हसले. मात्र त्या विनोदामागे एक गंभीर कबुली होती: आनंद हवा असेल, तर त्याची रीत तात्पुरती बदलावी लागेल.

१५/२२
फ्लोरिडाचे चित्र वेगळे होते. ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ ११ जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने उघडले. दुसऱ्याच दिवशी राज्याने एका दिवसात १५,२९९ नवे रुग्ण नोंदवले. अमेरिकेतील कोणत्याही राज्याचा तोवरचा तो उच्चांक होता. उद्यानाच्या कुंपणाआत मास्क, मर्यादित प्रवेश, जागोजागी हात धुण्याची सोय. कुंपणाबाहेर साथ ऐन भरात. शांघाय आणि ऑरलँडो येथील नियम बव्हंशी सारखे होते, पण ज्या शहरांत ते लागू झाले, त्यांची अवस्था दोन टोकांची होती. केवळ नियमावली वाचून ‘सुरक्षित’ असा शिक्का मारणे म्हणूनच अपुरे ठरते.

१६/२२
मग ऑरलँडोत काय घडले? शरद ऋतूपर्यंत उद्यानाशी जोडता येईल असा मोठा उद्रेक आढळला नव्हता. तेथील आरोग्य अधिकारी आणि कामगार संघटनाही तसेच सांगत होत्या. ही गोष्ट मान्य केली पाहिजे. मोकळी हवा, मास्क आणि मर्यादित संख्या यांचा उपयोग होतो, हे त्यातून सूचित होते. तरी ‘आढळला नाही’ आणि ‘झाला नाही’ या दोन विधानांत अंतर आहे. पाहुणे विमानाने वा मोटारीने आपापल्या राज्यांत परतत. आठवड्याने कोणी आजारी पडला, तर त्याची नोंद ओहायोत किंवा टेक्सासमध्ये होई. विमान, पेट्रोलपंप, हॉटेल की उद्यान, यांपैकी संसर्ग कोठे झाला हे हजारो रुग्णांच्या लोंढ्यात कोण ठरवणार? कागदपत्रांत न उमटलेली घटना घडलीच नाही, असे इतिहासाचा विद्यार्थी मानत नाही; पुराव्याविना ती घडलीच, असेही तो म्हणत नाही.

१७/२२
हाँगकाँगने तिसरी वाट धरली. तेथील डिस्नेलँड १८ जून २०२० ला उघडले, नवी लाट येताच १५ जुलैला बंद झाले. २५ सप्टेंबरला पुन्हा उघडले, २ डिसेंबरला पुन्हा बंद. १९ फेब्रुवारी २०२१ ला तिसऱ्यांदा उघडले. या उघडझापीने कर्मचारी आणि व्यवसाय दोघेही हैराण झाले, हे खरे. पण निर्णय शहरातील रुग्णस्थितीशी बांधलेला होता. या उद्यानाच्या भावी विस्तारासाठी राखलेल्या पेनीज बे येथील जमिनीवर त्याच काळात विलगीकरण केंद्र उभे राहिले. जेथे पाळणे यायचे, तेथे खाटा आल्या.

१८/२२
कॅलिफोर्नियात कंपनीने डिस्नेलँड उघडण्यासाठी १७ जुलै २०२० ही तारीख जाहीर केली होती. उद्यानाचा तो ६५ वा वर्धापनदिन होता. राज्याची नियमावली तयार नव्हती, रुग्ण वाढत होते आणि अनेक कामगार संघटनांनी सुरक्षिततेविषयी हरकती घेतल्या होत्या. तारीख पुढे गेली. फ्लोरिडातही रंगमंचीय कलाकारांच्या संघटनेने चाचणीची मागणी लावून धरली. कारण गाणाऱ्या, अभिनय करणाऱ्या माणसाला मास्क लावता येत नाही. त्यावर ऑगस्टमध्ये तोडगा निघाला. पाहुणा एक दिवस येतो. झाडूवाला, स्वयंपाकी आणि पाळण्याचा पट्टा तपासणारा कर्मचारी मात्र रोज हजारोंच्या श्वासाच्या टप्प्यात उभा असतो.

१९/२२
याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सप्टेंबर २०२० च्या अखेरीस डिस्नेने अमेरिकेतील सुमारे २८,००० कर्मचाऱ्यांना कामावरून कमी करण्याची घोषणा केली. त्यांतील दोन तृतीयांश अर्धवेळ होते. आधी सुरक्षिततेसाठी हरकत घेणाऱ्या संघटनांपैकी काहींनी पुढे उद्यान उघडावे असाच आग्रह धरला. घरभाडे थकलेल्या माणसासाठी बंद दरवाजाही धोक्याचाच असतो. त्यामुळे ‘मौजमजेसाठी जीव धोक्यात घालू नका’ हे वाक्य अर्धेच उरते. एकाची मौज ही दुसऱ्याची रोजीरोटी आहे. उद्याने बंद ठेवायची, तर त्या रोजीची सोय समाजाने करावी लागते. १९१६ मध्ये ती झाली नव्हती आणि २०२० मध्येही ती अपुरीच पडली.

२०/२२
अखेर १३ जानेवारी २०२१ रोजी डिस्नेलँडचे एक वाहनतळ पुन्हा माणसांनी भरले, मात्र लस घेण्यासाठी. ऑरेंज काउंटीचे पहिले मोठे लसीकरण केंद्र तेथे उभारले गेले. उद्यान ३० एप्रिलला, ४१२ दिवसांनी उघडले. प्रारंभी केवळ कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांसाठी आणि मर्यादित संख्येत. शांघायमध्ये मात्र कडक धोरणाचा एक विलक्षण प्रसंग घडला. आदल्या दिवशी येऊन गेलेली एक व्यक्ती बाधित आढळल्याने ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी उद्यानाचे दरवाजे बंद झाले आणि आतल्या ३३,००० हून अधिक लोकांना चाचणी केल्याशिवाय बाहेर पडता आले नाही. वर आतषबाजी, खाली संरक्षक पोशाखातले आरोग्यसेवक. सर्व चाचण्या नकारार्थी आल्या. खबरदारी किती आणि अतिरेक कोठून सुरू होतो, हा वाद त्या छायाचित्रांनी मागे ठेवला.

२१/२२
महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. मार्च २०२० मध्ये राज्याने निर्बंध लावले ते १८९७ च्या साथरोग कायद्याच्या आधारे. मुंबईतील प्लेगच्या वेळी ब्रिटिश सरकारने तो केला होता आणि प्लेगच्या नावाखाली पुण्यात झालेल्या जुलमाची परिणती त्याच वर्षी रँडच्या वधात झाली. सक्तीने लोकांचा विश्वास गमावला की काय होते, हे त्या प्रसंगाने दाखवले. १ जुलै २०२० च्या आषाढी एकादशीला मात्र मोजक्या वारकऱ्यांसह पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. सर्वांनाच ते रुचले नाही. तरीही बहुसंख्य वारकऱ्यांनी शतकांची पायी वाट त्या वर्षी स्वतःहून सोडली. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्यातील मनोरंजन उद्यानांना पाण्यातील खेळ वगळून परवानगी मिळाली आणि ओमायक्रॉनच्या लाटेत, १० जानेवारी २०२२ पासून, ती पुन्हा बंद झाली. त्या आदेशात संग्रहालये आणि गडकिल्लेही होते. इतिहासप्रेमींचे ‘थीम पार्क’ही सुटले नव्हते.

२२/२२
म्हणून ‘साथीत उद्यानात जावे का’ याचे एकच कायमचे उत्तर इतिहास देत नाही. तो विचारण्याचे प्रश्न देतो. जेथून निघायचे आणि जेथे जायचे, तेथे साथ चढती आहे की उतरती? वाटेतला प्रवास, मुक्काम आणि जेवण यांचा विचार झाला आहे का? लस उपलब्ध असेल, तर ती घेतली आहे का? अंगात कणकण असताना तिकिटाचे पैसे बुडतील म्हणून तर कोणी निघत नाही ना? तेथे राबणाऱ्याला मास्क, चाचणी आणि आजारपणाची पगारी रजा मिळते का? आणि घरी परतल्यावर दार कोण उघडणार आहे: धडधाकट भावंड, थकलेली आजी की लस न झालेले बाळ? २०१४ मधील त्या १२ बाळांची नावे कोणत्याही सार्वजनिक अहवालात नाहीत, केवळ संख्या आहे. सहलीची तारीख ठरवताना ती संख्या आठवली, तर ‘सुरक्षित आहे का’ या प्रश्नाच्या शेजारी ‘कोणासाठी?’ हा शब्द आपोआप येऊन बसतो.